आधी वल्ही दाखवा!

मोटरबोट हा शब्द ज्यानं कुणी तयार केला, त्याला बोटीतलं फारसं कळत नसावं असा मला दाट संशय आहे. शब्दात मोटर आधी आणि बोट मागाहून. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा सेकंडहँड मोटरबोट घ्यायला निघालेला गृहस्थ आधी मोटर बघतो, मग मोटरच बघत राहतो, मोटरीची किंमत करतो, मोटरीला हार घालतो, आणि ती मोटर ज्या वस्तूला लटकवली आहे ती वस्तू म्हणजे मोटर ठेवायचं एक लांबट स्टँड आहे अशा समजुतीनं ती घरी घेऊन येतो. वास्तविक मोटर दगा देते तेव्हा माणूस पाण्यावर अडकतो. बोट दगा देते तेव्हा तो पाण्यात जातो. या दोन्हींतला फरक पुस्तक वाचून कळायची गरज नाही. पण एखादा धंदेवाईक इंजिनाची दोरी ओढून ‘फट् फट् फट्’ असा आवाज काढून दाखवतो, आणि आपली अक्कल त्या आवाजाच्या दिशेनं धावत सुटते.

तुम्ही म्हणाल, अहो, तुम्ही जुन्नरचे. तुमच्याकडे किल्ला आहे, लेणी आहेत, द्राक्षं आहेत, अलीकडे अंगणात बिबटेसुद्धा येतात. बोटीचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. मराठी आरमार उभं करणारा राजा शिवनेरीवर जन्मला खरा, पण आरमारासाठी त्यालाही घाट उतरावाच लागला. त्याच्याही आधी, सातवाहनांच्या काळात, समुद्रावरून आलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येई. माल वर आला, व्यापारी वर आले, बोट मात्र दोन हजार वर्षं घाटाखालीच राहिली. ती आता ट्रकमध्ये आडवी होऊन माळशेज चढते. कारण कुकडी प्रकल्पानं आमच्याकडे पाच धरणं करून ठेवली आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही चार जुन्नर तालुक्यात आणि डिंभे शेजारच्या आंबेगावात. पाणी आलं म्हणजे काठ आला, काठ आला म्हणजे प्लॉट आले, प्लॉट आले म्हणजे रविवारी पुण्याहून गाड्या आल्या. त्यात २०१८ साली सरकारनं जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. तेव्हापासून ज्याच्या शेतातून पाणी दिसतं, त्याच्या डोक्यात ‘बोटिंग’ अशी पाटी लागलेली असते.

आंबेगावचं तर आणखी वेगळं. तालुक्याची कचेरी घोडेगावात, मोठा बाजार मंचरला आणि खुद्द आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली. ज्या गावाच्या नावानं तालुका चालतो, त्या गावावरून होडी जाते. आमच्याकडचे लोक पाहुण्यांना ही गंमत म्हणून सांगतात. सांगताना माझी जीभ जरा अडखळते, कारण ज्यांची घरं खाली गेली ती माणसं अजून वर आहेत. त्यांतल्या आदिवासींनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीनं जलाशयातल्या मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. २०१२ साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं, ते याच भागातल्या कामाबद्दल. म्हणजे आमच्याकडे बोट कशी असावी हे जाणणारी माणसं काठावरच बसलेली असतात. फक्त बोट घेणारा त्यांना कधी विचारत नाही. तो मोबाइलवरचे फोटो बघतो.

(या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे ते आडवे झाले. त्यांच्या नावाच्या पाण्यावरून जपानी इंजिन लावून फिरताना मला दर खेपेला थोडं चोरट्यासारखं होतं. असो.)

तर आमच्या भाच्यानं कृषी पर्यटन काढलं आहे. दोन खोल्या, चुलीवरची भाकरी, एक बैलगाडी आणि एक बैल. दुसरा भाड्यानं येतो. यंदा त्यानं जाहीर केलं, “मामा, बोट घ्यायची. नवी परवडत नाही. जुनी बघू. तुम्ही चला.” मला नेण्याचं कारण एवढंच की आमच्या कुटुंबात सेकंडहँड वस्तू पारखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही अशी माझी ख्याती आहे. ही ख्याती स्कूटरवर मिळवलेली आहे. आणि पाण्याच्या काठावर निम्मे घोटाळे नेमके या स्कूटरी विद्येनंच होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांचं तारुण्य १९७०-८०च्या आसपास गेलं त्यांना आठवत असेल. नवी स्कूटर नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबत. नंबर लागलेली स्कूटर शोरूमच्या दारातून बाहेर येताच जास्त दामानं विकली जाई. तेव्हा आमची पिढी पारखायला शिकली ती जुनी स्कूटर. चालवणारा कोण होता? डॉक्टर असेल तर उत्तम, कॉलेजकुमार असेल तर पुढं चला. किती पळाली? मीटर फिरवलेलं तर नाही? डावीकडे कलती करून किक मारल्यावर कितव्या किकला घेते? धूर निळा की पांढरा? ॲव्हरेज किती देते? या प्रश्नांवर लाखो संसार उभे राहिले. मी त्या विद्येला नावं ठेवत नाही. पण तिच्यात एक गृहीत धरलेलं असतं, ते म्हणजे रस्त्याची कड. स्कूटर बंद पडली की उतरायचं, ती कडेला घ्यायची, एखाद्या टपरीवर चहा मारायचा आणि ढकलत न्यायची. पाण्याला कड असते, पण ती तुमच्यापासून अर्धा किलोमीटर दूर असते आणि तिथवर ढकलत नेता येत नाही.

तरी माणूस तेच प्रश्न विचारतो. भाच्यानं पहिल्याच विक्रेत्याला विचारलं, “किती पळालीय?” लहान इंजिनांना बहुधा मीटरच नसतं. असलं तर ते किलोमीटर नव्हे, तास मोजतं. विक्रेत्यानं हे काही सांगितलं नाही. तो म्हणाला, “साहेब, अजिबात पळालेली नाही. फक्त रविवारी.” मग भाच्यानं ॲव्हरेज विचारलं. “पाण्यावर कुठं खड्डे असतात, साहेब? ॲव्हरेज भरपूर.” आता दहा हॉर्सपॉवरचं इंजिन पुरता कान पिळून पळवलं तर तासाला चार-पाच लिटर पेट्रोल सहज पितं. पण ‘भरपूर’ हा शब्द ऐकून भाच्याच्या चेहऱ्यावर चांदणं पसरलं.

ही पहिली बोट आळेफाट्याजवळ एका शेडमध्ये कांद्याच्या गोण्यांच्या मधोमध ठेवलेली होती. पांढरीशुभ्र, वर निळा पट्टा, आत निळ्या गाद्या, इंजिनाला झेंडूचा हार. बाजूला एक मोठा स्पीकर. भाच्यानं कौतुकानं कडेवरून हात फिरवला, तर बोटीचा रंग बोटाला लागला. मी इंजिनाच्या टोपणावर हात ठेवला. ते चांगलं ऊन होतं. आता थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या ओढीला सुरू होतं की नाही, यातच तर त्याची परीक्षा असते. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन दाखवणं म्हणजे पेपर फोडून ठेवलेल्या मुलाचा निकाल दाखवणं. “आत्ताच एक गिऱ्हाईक येऊन गेलं,” विक्रेता म्हणाला. शेडमध्ये आमच्या गाडीखेरीज चाकाचा माग नव्हता.

आमच्याबरोबर डिंभ्याच्या काठचे एक बाबा होते. त्यांना मीच आग्रहानं आणलं होतं. गाव पाण्याखाली गेल्यावर ते होडी चालवायला शिकले. म्हणजे ज्या शिवारात त्यांनी नांगर धरला, त्याच शिवारावरून पुढं वल्ही मारली. मला एकदा होडीतून नेताना मधेच थांबले आणि खाली बोट दाखवून म्हणाले, “हितं आमचं खळं व्हतं.” आणि पुन्हा वल्हं हाणायला लागले. असा माणूस बरोबर असताना मी स्कूटरवाल्याचं शहाणपण दाखवणं बरं नव्हे, म्हणून गप्प बसलो.

बाबांनी बोटीला एक फेरी घातली. इंजिनाकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “वल्ही कुठं हायेत?”

विक्रेता हसला. “बाबा, ही मोटरबोट आहे.”

“ते दिसतंय. वल्ही कुठं हायेत?”

वल्ही नव्हती. वल्ही अडकवायच्या कड्या होत्या त्या काढून तिथं थंड पेयाचे ग्लास ठेवायच्या चकत्या बसवल्या होत्या. मला विचाराल तर आमचा सगळा मध्यमवर्गीय जलविहार त्या दोन चकत्यांत आला.

मग बाबांनी खिशातून चुन्याची पितळी डबी काढली आणि ते बोटीच्या मागच्या बाजूला ठोकत सुटले. बोटीची मागची उभी भिंत, जिला इंजिन चिमट्यानं आवळलेलं असतं, तिला जाणकार ‘ट्रान्सम’ म्हणतात. सगळं इंजिन तिथं लोंबकळतं, ढकलतं तेही तिथंच. फायबरची बोट कुजत नाही असं विकणारे छातीवर हात ठेवून सांगतात, आणि ते अर्धं खरं आहे. फायबर कुजत नाही. पण त्या भिंतीच्या पोटात बऱ्याच बोटींत प्लायवूड घातलेलं असतं आणि ते मजेत कुजतं. कुणीतरी दिवा लावायला, पाटी लावायला, काहीबाही टांगायला स्क्रू मारतो, काढतो, भोक तसंच ठेवतो. त्यातून पाणी आत शिरतं, आणि वरून पांढरीशुभ्र दिसणारी भिंत आतून भिजलेल्या बिस्किटासारखी होते. चांगल्या जागी ठोकलं तर टणटणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. बाबांची डबी डावीकडे टण टण करत गेली आणि मधोमध, बरोबर इंजिनाच्या खाली, बद्द वाजली. माठ घेताना आमची बायको याहून जास्त वेळ वाजवते. पण लाखावर रुपयांची बोट घेताना कुणाला वाजवून बघायचं सुचत नाही.

दुसरी खूण बाबांनी मला दाखवली. इंजिन वर उचलून तिरपं करा आणि त्याच्या पंख्याकडच्या टोकाला जोर देऊन खालीवर हलवा. त्या वेळी इंजिनाकडे बघू नका, मागच्या भिंतीकडे बघा. ती हलली, वाकली, कोपऱ्यात केसाएवढी जरी भेग उघडली, तर नमस्कार करून निघा. आम्ही निघालो. विक्रेता मागून ओरडत होता, “स्पीकर फ्री देतो!”

इथं माझा दुसऱ्या एका पंथाशी वाद आहे. हे लोक म्हणतात, “एवढं कशाला बघायचं? आमच्या ओळखीचा मेकॅनिक आहे, तो इंजिन बघेल.” मेकॅनिक जरूर न्यावा. मी इंजिनाचा शत्रू नाही. इंजिनाच्याही चार गोष्टी सांगतो, पण त्यांचा नंबर दुसरा आहे हे आधी कबूल करा. इंजिन सुरू झालं की मागून पाण्याची एक बारीक, जोरकस धार बाहेर पडायला हवी. ती म्हणजे आत थंड पाणी खेळत असल्याची खूण. ती नसेल, किंवा म्हाताऱ्या नळासारखी ठिबकत असेल, तर आतला पंप गेलेला आहे किंवा वाटा मिठानं, गाळानं बुजल्या आहेत. खालच्या गिअरचं तेल स्क्रू सैल करून दोन थेंब काढून बघा. तेल तेलासारखं असेल तर ठीक. दुधाळ कॉफीसारखं असेल तर आत पाणी शिरतंय. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला लावा आणि ते जवळजवळ सारखं आहे का बघा. इंजिन कोकणातून आलेलं असेल तर बोल्टांच्या बुडाशी पांढरी बुरशीसारखी पुटं शोधा. समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर राबलेलं आणि आमच्या गोड पाण्यावर राबलेलं इंजिन एकाच वर्षाचं असलं तरी एकाच वयाचं नसतं. पंख्याची पाती वाकलेली असतील तर ते कुठल्या तरी बांधावर आपटलेलं आहे. आणि पावसाळाभर टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलवर कुणी इंजिन चालवून दाखवत असेल तर ते पेट्रोल आधी ओतून द्या. आजकालच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

आणि ती लाल दोरी! टेलिफोनच्या वायरीसारखी पिळाची लाल दोरी इंजिनाला असते. तिचं एक टोक इंजिनाच्या बटणात, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. चालवणारा पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. नाहीतर बोट एकटीच गोल गोल फिरते आणि फिरत फिरत पडलेल्या माणसाच्या अंगावर येते, पंख्यासकट. मी जेवढ्या जुन्या बोटी पाहिल्या त्यांतल्या बहुतेकांत ती दोरी नव्हती. तिच्या जागी बटणाखाली सुतळी आवळून बांधलेली. “सारखं बंद पडतं हो त्यानं,” असं एकानं मला समजावलं. अहो, ती बंद पाडण्यासाठीच आहे! मी तर म्हणतो, सुतळी दिसली की त्या मालकानं आणखी कुठं कुठं सुतळी बांधली असेल याचा विचार करा.

दुसरी बोट येडगावच्या बाजूला एका बंगल्याच्या आवारात पाहिली. मालक सभ्य, बोलणं गोड, चहाबरोबर बिस्किटं. पण इंजिन दुसऱ्याच बोटीचं आणून बसवलेलं. इंजिनाच्या पायाची लांबी आणि मागच्या भिंतीची उंची जुळावी लागते. साधारण पंधरा इंची भिंतीला आखूड पाय, वीस इंचीला लांब. इथं उंच भिंतीला आखूड पायाचं इंजिन, म्हणजे पंखा धड पाण्यात नाही, वेग घेतला की हवा घुसळणार. पत्रिका न बघता लावलेलं लग्न. शिवाय हॉर्सपॉवर चाळीस. भाचा त्या आकड्यावर फिदा. “मामा, चाळीस!”

या चाळीसवर मला जरा जास्त बोलायचं आहे. आमचे जलाशय म्हणजे समुद्र नव्हेत आणि सरोवरंही नव्हेत. ती सिंचनाची धरणं आहेत. आवर्तन सुटलं की पाणी उतरतं. ऑक्टोबरात तुमच्या पायरीशी असलेलं पाणी एप्रिल-मेमध्ये दोन शेतं लांब गेलेलं असतं, आणि मधे चिखल, झाडांचे बुंधे, जुने बांध, विहिरींचे कठडे. डिंभ्यात, माणिकडोहात, पिंपळगाव जोग्यात उन्हाळ्यात जाऊन उभे राहा, म्हणजे पाण्याखाली काय काय आहे ते दिसेल. त्यावरून चाळीस हॉर्सपॉवरनं सुसाट जाणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातून डोळे मिटून मोटारसायकल पळवणं. बाबांचं मोजमाप निराळं होतं. ते म्हणाले, “चौघांना वढता आली पायजे.” मला हा बोट घेण्याचा सगळ्यात उत्तम नियम वाटतो आणि तो कुठल्याही जाहिरातीत छापलेला नाही. सपाट बुडाची, रुंद, हलकी, उभं राहिलं तरी न डगमगणारी बोट, आठ-दहा हॉर्सपॉवरचं इंजिन, जे दोन माणसं उचलून घरात नेऊ शकतील. एवढ्यावर आमच्या पाण्यात सगळं होतं. होत नाही ती फक्त ऐट.

भाचा नाराज झाला. म्हणाला, “मामा, पाहुण्यांना स्पीड लागतो.” मी त्याला उजनीची गोष्ट सांगितली. गोष्ट कसली, घडलेली घटना. २१ मे २०२४च्या संध्याकाळी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले. ती काही सहल नव्हती, रोजची ये-जा होती. आमच्याकडेही मे महिन्यात दुपारनंतर वळीव असाच येतो, भीमाशंकरच्या अंगाला आभाळ काळं होतं आणि दहा मिनिटांत पाणी उभं राहतं. आणि मे महिन्यातच भाच्याकडे सुट्टीतले पाहुणे असतात, पोराबाळांसकट. त्या दहा मिनिटांत चाळीस हॉर्सपॉवर कामाला येत नाहीत. तिथं लागतं ते बोटीचं रुंद बूड, पाण्यापासून उंच कडा, कमी माणसं आणि प्रत्येकाच्या अंगात बांधलेलं जॅकेट. अंगात म्हणतोय मी. सीटखाली नव्हे.

“मला पोहता येतं” म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. विहिरीत सूर मारणं आणि कपडे-बूट घालून, घाबरलेल्या दोन मुलांसह, वाऱ्यात पोहणं यांत काय फरक आहे हे त्यांना काठावरच समजलं तर बरं.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात रस कमी आणि महत्त्व जास्त. आपल्या देशात नद्या-जलाशयांतल्या यांत्रिक बोटींसाठी १९१७ सालचा कायदा होता, मूळचा वाफेच्या बोटींसाठी केलेला. तो २०२२ पर्यंत चालला. वाफ केव्हाच मागं पडली होती, तेव्हा कुठं नवा कायदा आला, २०२२ मध्ये लागू झाला. त्यात यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणीचा दाखला आहे. धरणाच्या पाण्यात बोट घालायची तर जलसंपदा खात्याची परवानगी वेगळी. जुनी बोट घेताना नोंदणीचा कागद मागितला की विक्रेता म्हणतो, “इथं कोण बघतंय?” मग इंजिनाचं बिल मागा, आणि बिलावरचा नंबर इंजिनावरच्या पट्टीशी ताडून बघा. पट्टी खरवडलेली दिसली तर ते इंजिन कुणाच्या तरी आठवणीत अजून आहे, एवढं समजायला हरकत नाही.

माझं खरं भांडण शेवटी या एका वाक्याशी आहे: “पाण्यात कशाला? इथंच चालू करून दाखवतो.” सगळे विक्रेते हे वाक्य एकाच शाळेत शिकलेले असतात. पिंपात पाणी भरतात, इंजिनाचा पाय त्यात बुडवतात, दोरी ओढतात. फट् फट् फट्. जमलेली माणसं माना डोलावतात. पिंपात सिद्ध काय होतं, तर इंजिन पिंपात चालतं. बोट कुठं गळते, भार टाकल्यावर एका अंगावर कलते का, तळाच्या पोकळीत भरलेल्या फोमनं पाणी पिऊन तिचं वजन दीडपट तर झालेलं नाही, हे पिंप सांगत नाही. तुम्ही आग्रह धरलात तर दुखावलेला चेहरा करून विचारतात, “विश्वास नाही का, साहेब?” विश्वास आहे हो, तुमच्यावर आहे. बोटीवर नाही. पावसाळ्यात म्हणतात पाणी फार आहे, उन्हाळ्यात म्हणतात पाणी लांब गेलंय. ट्रॅक्टरची ट्रॉली भाड्यानं मिळते, टोमॅटो वाहणारे पिकअप तर नारायणगावात रांगेनं उभे असतात. पण गिऱ्हाईकच संकोचतं. आपल्याकडे लग्नाची मुलगी बघताना तिला चालून दाखवायला लावणारे लोक होऊन गेले, आणि त्यांचीच नातवंडं बोट मात्र पाण्यात न उतरवता पसंत करतात.

तिसरी बोट आम्हांला मिळाली ती पिंपळगाव जोग्याच्या काठावर. रंग उडालेला. गाद्या नाहीत, फळ्या. मासे धरणाऱ्या माणसाची बोट, त्याला आता मोठी घ्यायची होती. इंजिन दहा हॉर्सपॉवरचं, थंडगार. वल्ही बोटीतच होती, वापरून गुळगुळीत झालेली. बाबांची डबी सगळीकडून टण वाजली. आम्ही पाण्याचं विचारायच्या आतच तो म्हणाला, “आधी चला आत, किमतीचं माघारी आल्यावर बोलू.” मध्यावर गेल्यावर बाबांनी खूण केली, त्यानं इंजिन बंद केलं, आणि भाच्याच्या हातात वल्ही दिली. काठापर्यंत यायला भाच्याला बराच वेळ लागला. घाम पुसत त्यानं पहिल्यांदाच असा प्रश्न विचारला की ज्याचा इंजिनाशी संबंध नव्हता. तो म्हणाला, “मामा, एका वेळी किती जण बसवायचे?”

मालकानं आठ सांगितले, बाबांनी सहा. सहावर ठरलं. मागितलेल्या रकमेतून जॅकेटांचे पैसे कापून सौदा झाला. भाच्यानं दुसऱ्याच दिवशी पुण्याहून सात जॅकेटं आणली, चालवणाऱ्याचं धरून. घरी आल्यावर त्याच्या बायकोनं ती मोजली आणि दोन परत पाठवली, कारण लहान मुलांच्या मापाचं त्यांत एकही नव्हतं.